उजव्या पायाचा बूट

(एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार.

सोल शहरात शिनचोन नावाचा भाग आहे. तीन-चार विद्यापीठं हाकेच्या अंतरावर, त्यामुळे रस्त्यावर सतत पोरापोरींची वर्दळ. खानावळी, कॉफीची दुकानं, कपड्यांची दुकानं. या गजबजाटातून आत वळलं की एका गल्लीत एक लहानसं संग्रहालय लागतं. माझी भाची तिथे शिकायला होती, तिच्यामुळे माझे पाय तिथवर पोचले. तिथे काचेच्या पेटीत एक बूट ठेवला आहे. एकच, उजव्या पायाचा. टायगर नावाच्या कोरियन ब्रँडचा, धावायला घालतात तसला साधा बूट. पोराटोरांच्या पायात सर्रास असायचा असा.

हा बूट ली हान-योल नावाच्या वीस वर्षांच्या मुलाचा. योन्से विद्यापीठात व्यवसाय प्रशासनाच्या दुसऱ्या वर्षाला होता. ९ जून १९८७ला संध्याकाळी पाचच्या सुमारास विद्यापीठाच्या मुख्य फाटकापाशी पोलिसांनी सोडलेलं अश्रुधुराचं नळकांडं त्याच्या डोक्याला मागून लागलं. अश्रुधूर हवेत, वरच्या दिशेने सोडायचा असतो. त्या दिवशी तो समोर, माणसांच्या रोखाने सोडला गेला. त्याच विद्यापीठातल्या ग्रंथालयशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने त्याला पाठीमागून काखेत धरून उभं केलं. मान लटकलेली, चेहऱ्यावरून रक्ताचे ओघळ आलेले. तेवढ्यात रॉयटर्सच्या छायाचित्रकाराने ते टिपलं. उचलून नेताना डाव्या पायातला बूट कुठेतरी पडला. तो पुन्हा मिळाला नाही.

आज मला त्या बुटाविषयी बोलायचं आहे. पण तो पेटीत कसा आला हे सांगायचं तर आधी दुसऱ्या एका मुलाकडे जावं लागेल, आणि त्याच्याही आधी सात वर्षं मागे.

१९७९च्या ऑक्टोबरात दक्षिण कोरियाचे लष्करशहा पार्क चुंग-ही यांची त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने हत्या केली. आता मोकळा श्वास घेता येईल असं लोकांना वाटत होतं, तोच १२ डिसेंबरला चुन डू-ह्वान या जनरलने सैन्यावर कब्जा मिळवला. पुढच्या मे महिन्यात देशभर लष्करी कायदा. १८ मे १९८०ला दक्षिणेकडच्या ग्वांगजू शहरात विद्यापीठाच्या फाटकावर विद्यार्थी जमले, त्यांना छत्रीधारी सैनिकांनी झोडपलं, आणि सारं शहर उठलं. दहा दिवसांत, २७ मेला, ते शहर रणगाडे घालून चिरडण्यात आलं. सरकारी आकड्यांनीही दीडशेहून जास्त माणसं मेली.

ली हान-योल त्याच ग्वांगजूत वाढला. तेव्हा तो शाळकरी पोर होता. आपल्या गावात नेमकं काय घडलं हे त्याला विद्यापीठात आल्यावर कळलं. हे आपल्याला चमत्कारिक वाटेल. पण त्या देशात ग्वांगजूविषयी बोलायलाच बंदी होती. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत रोज सरकारी सूचना यायच्या: ही बातमी छापा, ही नको, ही छापलीत तर एका रकान्यात छापा. रात्री नऊचे टोले पडले की टीव्हीवरची पहिली बातमी राष्ट्राध्यक्ष चुन यांची. बाहेरदेशी पत्रकारांनी चित्रित केलेल्या ग्वांगजूच्या कॅसेटी चोरून यायच्या आणि विद्यापीठांतल्या बंद खोल्यांत पोरं त्या पाहायची. एका पिढीला आपल्याच देशाचा इतिहास असा पडदे ओढून पाहावा लागला.

आता तो दुसरा मुलगा. पार्क जोंग-चोल. पुसानचा. सोल राष्ट्रीय विद्यापीठात भाषाशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला. वडील पुसान शहराच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरीला. १४ जानेवारी १९८७ला पहाटे पोलीस त्याच्या खोलीवर आले. त्यांना तो नको होता. त्याचा एक वरच्या वर्गातला सोबती फरार होता, त्याचा पत्ता हवा होता. काही दिवसांपूर्वी हा सोबती त्याच्याकडे येऊन गेला होता. कडाक्याची थंडी, म्हणून जोंग-चोलने बहिणीने विणलेला आपला मफलर त्याच्या गळ्यात घातला आणि हातात दहा हजार वॉन ठेवले. विद्यार्थ्याच्या खिशाला ती रक्कम जड होती.

त्याला नाम्यॉंग-डोंगच्या इमारतीत नेलं. या इमारतीवर थोडं थांबू या. बाहेर पाटी होती सागरी संशोधन संस्थेची. आत पोलिसांचं साम्यवादविरोधी चौकशी केंद्र. पाचव्या मजल्यावर चौकशीच्या खोल्या, त्यांना अंगही बाहेर काढता येणार नाही अशा उभ्या अरुंद खिडक्या. दारं समोरासमोर येणार नाहीत अशी सरकवलेली. मागच्या दारातून डोळे बांधलेल्या माणसाला गोल लोखंडी जिन्याने थेट पाचव्या मजल्यावर चढवायचं, म्हणजे फिरता फिरता आपण कितव्या मजल्यावर आलो याचाही अंदाज राहू नये. या इमारतीचा आराखडा किम सू-गुन यांनी केला होता. कोरियातले फार मोठे वास्तुविशारद. सोल ऑलिंपिकचं मुख्य स्टेडियमही त्यांचंच. एकाच माणसाच्या हातून जगाला दाखवायची इमारतही झाली आणि जगापासून लपवायचीही. मी यावर पुष्कळ विचार केला आहे, आणि अजून माझी समजूत पटलेली नाही.

खोली क्रमांक ५०९. तिथे एक टब होता. त्या टबात जोंग-चोलचं डोकं पाण्यात बुडवून धरलं गेलं. सकाळी अकराच्या सुमारास तो गेला. त्याने पत्ता सांगितला नाही.

दोन दिवसांनी पोलीसप्रमुखांनी पत्रकारांना सांगितलं की टेबलावर ‘टाक्’ करून हात आपटला, तर पोरगा ‘ऑक्’ करून कोसळला. हे वाक्य आजही कोरियात लहानथोरांना पाठ आहे.

मित्रहो, सहसा आपण आंदोलनाची गोष्ट सांगताना मोर्चांपासून सुरुवात करतो. लाखो लोक, झेंडे, घोषणा. पण १९८७चा मोर्चा निघाला त्याच्या पाच महिने आधी आठ-दहा माणसांनी आपापल्या टेबलावर बसून एकेक छोटं काम केलं. ती माणसं आंदोलक नव्हती. त्यांच्यातली बहुतेक पगारी नोकरीतली होती. मला त्यांच्याविषयी जरा सविस्तर सांगू द्या.

पहिले डॉक्टर. जवळच्या रुग्णालयातून ओ योन-सांग नावाच्या तरुण डॉक्टरांना बोलावून नेलं. ते पोचले तेव्हा मुलगा गेलेला होता. जमिनीवर पाणी, अंग ओलं. त्यांनी मृत्यूच्या कारणापुढे ‘अज्ञात’ असं लिहिलं. हृदयविकार वगैरे काही लिहिलं नाही. पुढे पत्रकारांनी गाठलं तेव्हा फरशीवर पाणी होतं, एवढं त्यांनी सांगितलं. पुरेसं होतं.

दुसरे सरकारी वकील, छ्वे ह्वान. त्याच रात्री पोलीस त्यांच्याकडे आले: प्रेत ताबडतोब दहन करायचं आहे, सही द्या. त्यांनी सही दिली नाही. प्रेत राखून ठेवा आणि शवविच्छेदन करा, असा आदेश काढला. मी हे वाचलं तेव्हा मनात आलं की त्या रात्री त्या एका सहीवर काय काय अवलंबून होतं. सही झाली असती तर सकाळी राख उरली असती, आणि राखेला जखमा नसतात.

तिसरा एक बातमीदार. सरकारी वकिलांच्या कचेरीत सकाळी फिरताना एका अधिकाऱ्याच्या तोंडून अर्धं वाक्य त्याच्या कानावर पडलं. १५ जानेवारीच्या ‘जुंगआंग इल्बो’त आतल्या पानावर दोन रकान्यांची चिमुकली बातमी आली: पोलिसांच्या चौकशीत विद्यार्थ्याचा मृत्यू. मग ‘डोंग-आ इल्बो’ने ती धरून ठेवली. चौथे शवविच्छेदन करणारे डॉक्टर ह्वांग जोक-जुन. हृदय बंद पडलं असं लिहा, म्हणून त्यांच्यावर दडपण आलं. त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं. १९ जानेवारीला पोलिसांना छळ कबूल करावा लागला, आणि दोन पोलिसांना अटक झाली.

मुलाचं दहन झालं १६ जानेवारीला. इम्जिन नदीवर बर्फ धरलं होतं. वडिलांनी राख पाण्यात सोडली आणि आपल्या पुसानी बोलीत एवढंच म्हणाले, “जोंग-चोल, नीट जा बाळा. तुझ्या बापाकडे बोलायला काही नाही.” शेजारी उभ्या असलेल्या पत्रकाराने ते छापलं. त्या वर्षी हे शब्द विद्यापीठांच्या भिंतींवर लिहिले गेले.

प्रकरण इथेच मिटलं असतं. दोन पोलीस आत गेले, सरकारने खेद व्यक्त केला. पण ज्या तुरुंगात त्या दोघांना ठेवलं, तिथेच ली बू-यंग नावाचे एक जुने पत्रकार राजकीय कैदी म्हणून होते. त्यांना कळलं की छळ करणारे दोन नव्हे, पाच होते, आणि वरचे अधिकारी पैसे देऊन दोघांची तोंडं बंद ठेवायला बघत होते. त्यांनी ते कागदावर लिहिलं. तो कागद हान जे-डोंग नावाच्या तुरुंगरक्षकाने बाहेर नेला. बघा, रक्षकाने. सापडता तर नोकरी गेलीच होती, आणि बहुधा तोही त्याच नाम्यॉंग-डोंगला पोचला असता. तो कागद हातोहात फिरत धर्मगुरूंकडे गेला. १८ मे १९८७, ग्वांगजूचा सातवा स्मृतिदिन. सोलच्या म्योंगडोंग कॅथेड्रलमध्ये प्रार्थना संपली आणि फादर किम सुंग-हुन यांनी तो मजकूर उभं राहून वाचला. आणखी तीन नावं.

राष्ट्राध्यक्षांनी एप्रिलमध्येच जाहीर केलं होतं की राज्यघटना बदलणार नाही, पुढचा राष्ट्राध्यक्षही लोकांनी थेट निवडायचा नाही. घटनेचा हा वाद होताच. पण घटनेच्या कलमासाठी आया घराबाहेर पडत नाहीत. पोरगं मेल्यावर आणि वर खोटं बोलल्यावर त्या पडल्या. २७ मेला विरोधी पक्ष, चर्च, बौद्ध भिक्खू, कामगार, विद्यार्थी असे सगळे एका छत्राखाली आले, आणि १० जून ही तारीख ठरली. त्याच दिवशी सत्ताधारी पक्ष आपला पुढचा उमेदवार, रोह ते-वू, जाहीर करणार होता.

१० जूनच्या तयारीसाठी आदल्या दिवशी विद्यापीठांत सभा झाल्या. योन्सेच्या फाटकावरची ती सभा त्यांतलीच एक.

शांततामय हा शब्द मी वापरणार आहे, म्हणून एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. त्या काळातल्या कोरियन विद्यार्थ्यांच्या हातात दगड असायचे, पेट्रोलच्या बाटल्याही असायच्या. जूनमध्येही होत्या. पण १० जूनचं आवाहन करणाऱ्यांनी अहिंसेचं पथ्य लेखी घालून दिलं होतं, आणि गर्दीत कुणी हात उचलला की आसपासची माणसंच “अहिंसा! अहिंसा!” असं ओरडायची, अशा नोंदी आहेत. गर्दी जसजशी वाढली तसतशी बाटल्यांची गरजच उरली नाही. मला यात विद्यार्थ्यांचं मोठेपण दिसतं. आपल्यापेक्षा जास्त भित्र्या, जास्त संसारी माणसांना सोबत घ्यायचं तर आपण कसं वागलं पाहिजे, हे त्यांना त्या वीस दिवसांत उमगलं.

आणि माणसं कशी आली पाहा. त्या काळी संध्याकाळी सहाला झेंडा उतरवायची वेळ झाली की देशभर राष्ट्रगीत लागायचं आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाने जागच्या जागी उभं राहायचं, असा दंडक होता. १० जूनला बरोबर सहा वाजता अँग्लिकन कॅथेड्रलची घंटा बेचाळीस वेळा वाजली. जपानी राजवटीतून सुटका होऊन बेचाळीस वर्षं झाली होती. आणि रस्त्यावरच्या टॅक्सीवाल्यांनी, बसवाल्यांनी हॉर्न दाबून धरले. घोषणा द्यायचं धाडस नसलेल्या माणसालाही हॉर्न दाबता येतो. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कचेऱ्यांतली टाय लावलेली माणसं रस्त्यावर उतरायला लागली. त्यांना ‘नेकटायवाल्यांची पलटण’ म्हणत.

त्या रात्री काही शे आंदोलक म्योंगडोंग कॅथेड्रलच्या आवारात अडकले. पोलिसांनी वेढा घातला. शेजारी मुलींची शाळा होती. त्या पोरींनी आपले डबे गोळा केले आणि चिठ्ठ्यांसकट आत पोचवले. सरकारने कार्डिनल किम सू-ह्वान यांना विचारलं, पोलीस आत आणायचे आहेत. त्यांचं उत्तर असं सांगतात: या, पुढे मी उभा असेन, माझ्या मागे पाद्री, त्यांच्या मागे जोगिणी, आणि विद्यार्थी त्यांच्याही मागे. पाच दिवसांनी, १५ जूनला, ती पोरं सुखरूप घरी गेली.

पुढचं मी भराभर सांगते. १८ जूनला अश्रुधुराविरुद्ध मोर्चे. त्यांत बायकांनी दंगलविरोधी पोलिसांच्या छातीवर फुलं लावली. ते पोलीसही सक्तीच्या लष्करी सेवेतली वीस-बावीस वर्षांची पोरंच होती. १९ जूनला चुन यांनी सैन्य उतरवायची तयारी केली आणि मागे घेतली. पुढच्या वर्षी ऑलिंपिक होतं, अमेरिकेच्या राजदूताने येऊन बजावलं होतं, आणि ग्वांगजू पुन्हा करायचं तर आता एका शहरात भागणार नव्हतं. २६ जूनला ‘शांती महामोर्चा’. तीसहून जास्त शहरांत मिळून दहा लाखांहून जास्त माणसं. २९ जूनला रोह ते-वू यांनी जाहीर केलं: थेट निवडणूक होईल.

ली हान-योलला यातलं काही कळलं नाही. तो सत्तावीस दिवस बेशुद्ध होता. त्याच्या रुग्णालयाभोवती विद्यार्थी रात्रंदिवस पहारा देत होते, पोलिसांनी प्रेत पळवून नेऊ नये म्हणून. जानेवारीत त्यांनी पाहिलं होतं ना, दहनाची घाई कशी असते ते. ५ जुलैला पहाटे तो गेला.

९ जुलैच्या अंत्ययात्रेला सोलमध्ये दहा लाख माणसं होती असं सांगतात. विद्यापीठाच्या मैदानावर रेव्हरंड मून इक-ह्वान बोलायला उभे राहिले. आदल्याच दिवशी ते तुरुंगातून सुटले होते. सगळ्यांना वाटलं आता भाषण होईल. त्यांनी भाषण केलंच नाही. दोन्ही हात पसरून त्यांनी फक्त नावं घेतली. एकेक नाव, हाक मारावी तसं. जोन ते-इल, १९७०मध्ये कापडबाजारात कामगार कायद्यासाठी स्वतःला जाळून घेणारा बावीस वर्षांचा शिलाई कामगार, त्याच्यापासून सुरुवात करून पंचवीसेक नावं. शेवटचं ली हान-योल. त्या हाका ध्वनिमुद्रित आहेत. मला कोरियन येत नाही. नावं तेवढी कळतात, आणि नावांपलीकडे त्यात कळण्यासारखं काही नाहीच.

डिसेंबरात निवडणूक झाली. दोन्ही विरोधी नेते, किम यंग-सॅम आणि किम दे-जुंग, एकमेकांविरुद्ध उभे राहिले. मतं फुटली. जिंकले रोह ते-वू, चुन यांचेच जुने साथीदार, जेमतेम सदतीस टक्के मतांवर. ज्या पोरांनी जूनमध्ये रस्ते भरले त्यांचं डिसेंबरात काय झालं असेल, याची कल्पना करून बघा. मला ही गोष्ट लपवून ठेवता येणार नाही. जिवावर उदार होऊन मिळवलेलं मत नेत्यांच्या हट्टापायी असं हातातून गेलं. आणि आणखी एक. ज्या सोबत्याचा पत्ता जोंग-चोलने सांगितला नाही, तो पुढे त्याच जुन्या सत्ताधाऱ्यांच्या वारसदार पक्षात गेला आणि त्या पक्षाकडून निवडणुका लढला. ऐकून अंगावर काटा येतो. पण मफलर घालताना जोंग-चोलने पुढचा हिशेब केला नव्हता. समोरच्या माणसाला थंडी वाजत होती.

आता मी ज्या गोष्टीसाठी आज इथे उभी आहे तिच्याकडे येते. आठवण कोण जपतं?

सरकारं जपत नाहीत, निदान सुरुवातीला नाही. वर्तमानपत्रं दरवर्षी एक दिवस जपतात. कोरियात ही आठवण जपली आईबापांनी. १९८६मध्ये आंदोलनात गेलेल्यांच्या कुटुंबीयांनी एक संघटना केली. तिला उभं करणाऱ्यांत ली सो-सन होत्या, म्हणजे जोन ते-इलची आई. तिच्याकडे बाकीच्या आया आल्या. सोलच्या छांगशिन-डोंग भागात त्यांनी एक घर घेतलं. भिंतीवर त्यांच्या मुलामुलींचे फोटो. तिथे ते राहायचे, जेवायचे, आणि सकाळी उठून कुठल्या ना कुठल्या मोर्चाला जायचे.

जोंग-चोलचे वडील, पार्क जोंग-गी. सरळमार्गी नोकरदार, निवृत्तीला आलेले, मुलाने राजकारणात पडू नये असं वाटणारे. निवृत्तीनंतर त्यांनी हे काम धरलं. हान-योलची आई, बे उन-शिम, ग्वांगजूतली गृहिणी. तिने पुढची चौतीस वर्षं ग्वांगजू ते सोल फेऱ्या मारल्या. जिथे कुणाचं पोर, कुणाचा नवरा गेला, तिथे ती जाऊन बसायची. २००९मध्ये सोलच्या योंगसानमध्ये घरं पाडण्याच्या वेळी आगीत माणसं मेली, त्यांच्या कुटुंबांसाठीही ती उभी राहिली.

१९९८च्या नोव्हेंबरात या म्हाताऱ्या आईबापांनी संसदेसमोर तंबू ठोकला. मागणी दोन कायद्यांची: आंदोलनात गेलेल्यांची प्रतिष्ठा परत द्या, आणि संशयास्पद मृत्यूंची चौकशी करा. सोलचा हिवाळा म्हणजे उणे दहा अंश. एक हिवाळा गेला, पावसाळा गेला, दुसरा हिवाळा आला. ४२२ दिवस ते तिथे बसले. डिसेंबर १९९९मध्ये दोन्ही कायदे झाले. एका वाक्यात हे सांगून होतं, पण सत्तरीला टेकलेल्या माणसाने उण्या तपमानात तंबूत एक रात्र काढायची म्हणजे काय, हे आपल्या आईवडिलांकडे बघून विचारात घ्या.

पुढे बे उन-शिम यांनी सरकारकडून मिळालेली भरपाई आणि लोकांच्या देणग्या यांतून शिनचोनमध्ये ते संग्रहालय उभं केलं. २००४मध्ये. मुलाच्या जिवाचे पैसे त्यांना घरात ठेवायचे नव्हते.

आणि मग तो बूट. या बुटाचा तळवा पॉलियुरेथेनचा आहे. ते स्वस्त, हलकं आणि मऊ असतं, पण हवेतली ओल खाऊन खाऊन ते काही वर्षांनी आतून कुजतं आणि हात लावताच भुगा होतो. आपणही माळ्यावर ठेवलेले जुने बूट काढले की तळवा हातात येतो, तेच. पंचवीस-तीस वर्षांत हान-योलच्या बुटाच्या तळव्याचे शंभरेक तुकडे झाले. २०१५मध्ये किम ग्योम या जतनतज्ज्ञाने तो हातात घेतला. एरवी चित्रं आणि शिल्पं दुरुस्त करणारा माणूस. त्याने तीन महिने एकेक तुकडा पक्का करून जागेवर बसवला.

मी त्या पेटीसमोर उभी असताना माझ्या मनात आलं, हा उजवा बूट टिकवायला एक आई लागली, भरपाईचे पैसे लागले, एक तज्ज्ञ लागला, ओल बाहेर ठेवणारी पेटी लागली. डावा बूट मात्र त्या दिवशी रस्त्यावर पडला तो पडलाच.

पार्क जोंग-गी २०१८च्या जुलैत गेले. त्याआधी मार्चमध्ये देशाचे सरकारी वकीलप्रमुख त्यांच्या रुग्णालयात जाऊन त्यांची माफी मागून आले. एकतीस वर्षं लागली. चुन डू-ह्वान २०२१मध्ये मेले, ग्वांगजूबद्दल माफी न मागता. पुढच्या जानेवारीत बे उन-शिमही गेल्या. जोंग-चोलची आई २०२४च्या एप्रिलमध्ये गेली.

त्या वर्षीच्या डिसेंबरात, ३ तारखेला रात्री साडेदहाच्या सुमारास, राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी टीव्हीवर येऊन लष्करी कायदा जाहीर केला. १९८०नंतर पहिल्यांदा. हेलिकॉप्टरं संसदेच्या आवारात उतरली. आणि लोक अंगावर मिळेल ते चढवून संसदेकडे धावले. त्यांत साठीच्या आसपासची पुष्कळ माणसं होती, ८७ला विद्यार्थी असलेली. कुंपण चढून आत गेलेल्या खासदारांनी एकच्या सुमारास मतदान केलं. हजर १९० जणांनी, एकमताने, तो कायदा रद्द करा म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्यांत ज्या सभा झाल्या त्यांत विशीतल्या मुली सर्वांत जास्त होत्या, गाण्याच्या कार्यक्रमांना नेतात त्या लाइटस्टिक हातात घेऊन. आपल्याकडे ज्यांच्या घरात अशी पोरगी आहे त्यांना ती वस्तू बरोबर ठाऊक असेल. रांजणगावला कोरियन कारखाना आहे, पुण्यात कोरियन शिकणारी पोरं आहेत, मालिका तर घराघरांत आहेत. त्या मुलींना त्यांच्या आवडत्या देशाची ही बाजूही कुणीतरी सांगायला हवी, म्हणून मी हे व्याख्यान घेतलं. एप्रिल २०२५मध्ये घटना न्यायालयाने यून यांना पदावरून काढलं. आणि त्याच जूनच्या १० तारखेला नाम्यॉंग-डोंगची ती इमारत लोकशाही चळवळीचं स्मारक म्हणून खुली झाली.

मी गेले तेव्हा ती अजून उघडलेली नव्हती. संग्रहालयातून निघून भाची मला योन्सेच्या मुख्य फाटकावर घेऊन गेली. तिथे जमिनीत एक धातूची पाटी बसवली आहे, २०१६ची. त्यावर तारीख आहे, वेळ आहे, आणि इथे तो पडला असं लिहिलं आहे. भाचीने मला वाचून दाखवलं: दुपारचे पाच. आम्ही पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते, वर्ग सुटले होते. फाटकातून पोरांचा लोंढा बाहेर येत होता, हातात कॉफीचे पेले, कानात इअरफोन. बहुतेकांनी खाली पाहिलं नाही. एका मुलाच्या बुटाची नाडी सुटली होती. तो पाटीच्या कडेला वाकला, नाडी बांधली, उठता उठता त्याची नजर त्या अक्षरांवर गेली, आणि तो क्षणभर तसाच उभा राहिला.